दक्षिणेचं दार

बाभुळगावच्या नव्या लेआउटमध्ये रस्त्याच्या एका बाजूचे प्लॉट बरेच दिवस तसेच पडून होते. तिथं घर बांधलं की तोंड दक्षिणेला येतं, म्हणजे म्हणे यमाच्या दिशेला. दलालानं मला आधीच सांगून टाकलं, "म्याडम, दक्षिणमुखी हाये बरं, मागून मले नावं नका ठेवू." मी म्हटलं, भाऊ, आम्ही बौद्ध माणसं, आमच्या दिशा छप्पन सालीच मोकळ्या झाल्या. शेजारचा प्लॉट खैरुनबीनं घेतला, तिच्या पलीकडचा आमच्याच एका मास्तरांनी. सगळी रांग अशीच भरली, आणि आता थंडीत सगळ्या लेआउटमधलं चांगलं ऊन आमच्याच अंगणात पडतं.

माझी सारी नोकरी सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. त्या वॉर्डाचं दार पूर्वेला होतं. त्या शुभ दारातून बाळ घेऊन हसत गेलेल्या बाया पाहिल्या आणि रिकाम्या हातानं गेलेल्याही पाहिल्या. म्हणून माझ्या घराचं दार दक्षिणेलाच आणि चांगलं दोन फळ्यांचं, सागवानी करायचं, हे मी ठरवलं होतं. घरातलं बाकी सगळं नवऱ्यानं आणि पोरानं ठरवलं. फरशीचा रंगसुद्धा मला कोणी विचारला नाही. दार तेवढं माझं होतं.

गृहप्रवेशाच्या तोंडावर बहिणीचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी चार दिवस पांढरकवड्याला गेले. गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतले आणि बॅग घेऊन थेट नव्या घरी आले. पाहते तर दार नाही. दाराच्या जागी कमरेपर्यंत विटा रचलेल्या, वर नुसतं भोक. माझं सागवानी दार अंगणात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली आडवं पडलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवं दार होतं पूर्वेला. खैरुनबीची भिंत आणि आमची भिंत यांच्यामध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ आहे. तिथं बैठकीची भिंत फोडून पत्र्याचं दार बसवलं होतं. त्या दारात आमचं लोखंडी कपाट अडकलेलं. बाहेरून टेम्पोवाला ढकलत होता आणि आतून आमचे नागोराव, म्हणजे माझा नवरा, ओढत होते. कपाट ना आत, ना बाहेर. कपाटाच्या वरून नागोरावांचं तोंड तेवढं दिसत होतं.

"आली का तू? आंधी च्या घे," ते म्हणाले.

"कुठून घेऊ? तुमच्या डोक्यावरून? माहं दार कोनं बुजवलं?"

"अवं, पोराचं मन राखलं. तू नव्हती म्हनून..."

"मी नव्हती म्हनूनच बुजवलं ना!"

या माणसानं आयुष्यभर एसटी चालवली. यवतमाळहून केळापूरची गाडी रोज दक्षिणेलाच न्यायचा. तेव्हा कुठला यम गाडीला आडवा आला नाही, आणि आता म्हातारपणी घराला आडवा आला.

धरमसिंग मिस्त्री थापी धूत बसला होता. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "बाई, मले सायबानं सांगतलं तुमी हो म्हनलं म्हनून." साहेब म्हणजे माझा मुलगा, राजदीप. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. तो पांढऱ्या शर्टात रस्त्यावर उभा राहून फोनवर पाहुण्यांना पत्ता सांगत होता.

"फोन ठेव आंधी," मी म्हटलं. "हे कायले केलं?"

"आई, लोक येऊन राह्यले, तमाशा नको करू."

"तमाशा मी करून राह्यली का? भिंत फोडली तुनं, आन तमाशा माहा?"

तो जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "सावनात ही चौकट बसवली, आन त्याच आठोड्यात..." त्यानं ममताकडं नुसती नजर टाकली.

ममता माझी सून. श्रावणात, तिसऱ्या महिन्यात, तिचं पोट पडलं. तेव्हापासून ती फार बोलत नाही. सांगितलेलं काम करते, जेवते, झोपते. त्या वेळी ती अंगणात गॅसवर खीर हलवत होती. मला तिची दया आली आणि याचा आणखीच संताप आला. म्हणजे हा रोज ज्याचे व्हिडिओ पाहतो, तो मोबाईलवरचा वास्तुवाला बाबा सांगतो, दक्षिणेचं दार मूल खातं, आणि विज्ञान शिकवणारा हा गडी भिंती फोडत सुटतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. मी तिच्याजवळ गेले. "ममता, सांग त्याले. हे चालन का तुले?"

तिनं चमचा थांबवला नाही. "राहू द्या ना आई. पूर्वेलेच राहू द्या."

"तूबी? बह्याड झाली का तू?"

"आई, आता ते म्हन्तेत, दारानं झालं." ती खिरीकडंच पाहत होती. "पह्यले म्हनत होते, मी गाडीवर बसून परीक्षेले यवतमाळले गेली म्हनून झालं. रोज म्हनत होते. जेवताना बी. ज्या दिवशी त्यायनं दाराचं काढलं, त्या दिवसापासून मले कायी म्हनलं नाही. दारावर गेलं, तं माह्यावरून उतरलं. राहू द्या."

मी तिथंच उभी राहिले. एका घरात राहतो आम्ही. त्यांच्या खोलीत काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि हिनं एका शब्दानं कधी सांगितलं नव्हतं. दाराचा राग माझ्या मनातून कुठल्या कुठं गेला. पण राग गेला नाही. त्याला आता खरा धनी सापडला.

तोवर माणसं जमू लागली होती. बौद्धाचार्य वामनराव मेणबत्त्यांची पिशवी घेऊन आले, त्यांच्या मागून पांढऱ्या लुगड्यातल्या बाया आल्या, खैरुनबी पेढ्यांचा डबा घेऊन आली. सगळे रस्त्यावरच थांबले, कारण आत जायला वाटच नव्हती. पूर्वेच्या दारात कपाट आणि दक्षिणेच्या दारात विटा.

"राजदीप," मी हाक मारली. "गाडीवर बसल्यानं पोट पडते, हे कोनं सांगतलं तुले?"

"आई, हळू बोल."

"हळू कायले? तिले तू हळू बोलत होता का? जन्म गेला माहा त्या वार्डात. तिसऱ्या महिन्यात जाते ते गाडीनं जात नाही, दारानं जात नाही, बाईच्या चुकीनं जात नाही. बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसते. माय घरात सिस्टर, तिले इचारलं का तुनं? डाक्टरले इचारलं? नाही. मोबाईलवरच्या बाबाले इचारलं. आन त्याच्या आंधी बायकोले खाल्लं रोज!"

 वामनराव पिशवीत उगाच मेणबत्त्या चाचपत होते. कपाटामागून नागोराव म्हणाले, "जाऊ द्या ना आता, चांगल्या दिवशी..." मी म्हटलं, तुमी तं तिथंच राहा.

धरमसिंगनं घाईघाईनं सब्बल उचलली. "काढू का बाई? वलंच हाये अजून."

"तू नको काढू. ज्यानं लावाले सांगतलं, तोच काढन. हातानं."

राजदीपनं माझ्याकडं पाहिलं, मग लोकांकडं पाहिलं. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि पहिली वीट काढली. ओला मसाला शर्टावर सांडला, पॅन्टवर सांडला. एकेक वीट तो बाजूला ठेवत होता आणि आम्ही पाहत होतो. मला त्याची कीव आली नाही. विटा गुडघ्याएवढ्या उरल्या तेव्हा तो थांबला. खाली मान घालूनच म्हणाला, "तुही चूक नव्हती, ममता."

त्या विटांनाच सांगितल्यासारखा म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही, तर रस्त्यावरच्या माणसांना काय येणार?

ममतानं गॅस बंद केला. पदराला हात पुसत ती पुढं आली आणि सगळ्या लोकांच्या मधोमध उभी राहिली. श्रावणापासून तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता.

"आयकू नाही आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हना."