कोपऱ्यातली चुणी

प्रयोगशाळेत स्लाइडवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. ओळखीचं माणूस समोर आलं की भल्याभल्यांचे डोळे दगा देतात. दोघांनी वेगवेगळं बघायचं, रंग किती चढलाय ते लिहायचं, आणि मतं जुळली नाहीत तर दोघांनी मिळून पुन्हा बघायचं, असा तिथला शिरस्ता.

तिथंच काम करणाऱ्या थोरलीनं मात्र एक स्लाइड पाहताक्षणी ओळखली. काप तिनंच काढला होता आणि कोपऱ्यात पडलेली चुणी तिच्याच हातची होती. तुकडा अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मूत्राशयातल्या गाठीचा. गाठ खरवडून काढली तरी पुन्हा उगवली होती. तिला आवरून धरणारं एक जनुक असतं. ते चालू असेल तर रंग दिल्यावर पेशी तपकिरी दिसतात, बंद पडलं असेल तर फिक्या. तपकिरी असेल तर मूत्राशयात औषध सोडून वाट पाहायची. फिकं असेल तर गाठ खोल शिरण्याआधी मूत्राशयच काढायचं, आणि मग जन्मभर पोटावर लघवीची थैली. थैलीचा विषय निघाला की अप्पा भरल्या ताटावरून उठायचे.

पेशी फिक्या होत्या. थोरलीनं ‘मध्यम’ लिहून टाकलं. ही स्लाइड माझ्याकडे नको, एवढं सांगायची अक्कल तिला होती, धीर नव्हता.

विभागप्रमुख बाईंनी ‘फिका’ लिहिलं. माघारी सगळे त्यांना करवत म्हणत. दोघी सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. रंगच फसला असेल, पुन्हा करू या, असं थोरलीनं सुचवलं. बाईंनी वाद न घालता स्लाइड जरा सरकवली. कडेला निरोगी अस्तराची पट्टी होती. रंग फसला असता तर तीही फिकी निघाली असती. ती चांगली गडद तपकिरी होती.

थोरली सूक्ष्मदर्शकापासून मागे सरकली.

“हे माझे वडील आहेत,” ती म्हणाली.

बाईंनी भिंगावरून डोळे काढले नाहीत. “मग तू वाचायची नाहीस. मी दुसऱ्या कुणाला दाखवते.”

“दाखवा. पण फिकाच आहे.”

दुसऱ्यालाही फिकाच दिसला. डॉक्टरांच्या आधी आपणच सांगावं म्हणून थोरली अप्पांच्या शेजारी जेवायला बसली आणि तिनं सगळं सांगितलं, ‘मध्यम’सुद्धा. थैली हा शब्द तिनं टाळला नाही.

अप्पांचा हात थांबला. पण ते उठले नाहीत.

“शर्टाबाहेर दिसते का गं ती?” त्यांनी विचारलं.