वाचायची राहिलेली ओळ

आमच्या वकीलबाईंचा एक हट्ट आहे. मृत्युपत्र करणाऱ्याने सहीच्या आधी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचं. कायदा असं काही सांगत नाही, बाई सांगतात. मी वीस वर्षं त्यांची टायपिस्ट, त्यामुळे लोकांचा आवाज कुठे अडकतो ते मला चांगलं माहीत आहे.

चष्मेवाले आजोबा पाचव्या कलमाला अडकले. चाळीस वर्षं लोकांना चष्मे करून दिलेला माणूस, त्या ओळीपाशी येताच स्वतःचा चष्मा काढून म्हणाला, "अक्षर फार बारीक आहे."

मी मोठं केलं. पुढच्या खेपेला म्हणाले, "आता फार मोठं झालंय."

ओळ साधी होती. 'माझी पत्नी माझ्या आधी मयत झाल्यास माझी सर्व मिळकत आमच्या मुलीस मिळावी.' मुलगी म्हणजे शेजारणीच्या मागे उरलेली पोर. दोन वर्षांची असताना आजींनी कडेवर घेऊन घरी आणली आणि दत्तकाचा कागद आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेला. आता ती बत्तीस वर्षांची, त्याच घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. ही ओळ नसली आणि आजी आधी गेल्या, तर घर आजोबांच्या पुतण्यांचं. पुतणे वर्षातून एकदाही फिरकत नाहीत, पण घराचा भाव त्यांना तोंडपाठ आहे.

"ती माझ्या आधी जाणारच नाही. मग लिहायचं कशाला?" आजोबा म्हणाले.

"यांना मला मरूच द्यायचं नाही," आजी वकीलबाईंना म्हणाल्या. "माझं मृत्युपत्र मी एका दमात वाचलं. यांच्या जाण्याची ओळसुद्धा."

"तुला काही वाटलं नाही त्याचं," आजोबा पुटपुटले.

"वाटलं ना. घरी जाऊन रडले. इथे रडून बाईंचे कागद कशाला भिजवायचे?"

मला हसू आलं आणि आजोबांचा रागही आला. माया असावी, पण तिच्यापायी पोर उघड्यावर पडू नये.

तिसऱ्या खेपेला आजोबा एकटेच आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. आजी चार दिवसांपासून दवाखान्यात होत्या, हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"वाचून सही केल्याशिवाय तोंड दाखवू नका म्हणाली," आजोबा म्हणाले. "काल दारातूनच परत पाठवलं मला."

"आज मी वाचते, तुम्ही नुसती सही करा," वकीलबाई म्हणाल्या. हट्ट सोडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"नको. ती विचारेल."

चष्मा नाकावर घट्ट बसवून ते वाचू लागले. पाचव्या कलमाला 'माझी पत्नी' म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. पुन्हा 'माझी पत्नी'. तिसऱ्या वेळी मात्र थांबत थांबत ते ओळीच्या शेवटापर्यंत गेले. मग उरलेलं वाचलं आणि सही केली. साक्षीदार म्हणून मी आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी सह्या केल्या.

"तिला तुम्हीच फोन करा," आजोबा मला म्हणाले. "माझं ती खरं मानायची नाही."

मी फोन लावला. "आजी, वाचलं त्यांनी. सगळं."

"आवाज कसा होता?"

"अगदी खणखणीत."

त्या म्हणाल्या, "खोटं बोलताय. खणखणीत वाचलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. पाठवा त्यांना लवकर, सहापर्यंतच भेटू देतात."