इंजिन थंड असताना

गॅरेजवाल्या मिस्त्रीला सगळी गल्ली गुरुजी म्हणायची, कारण त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. "सेकंडहँड गाडी बघायची तर इंजिन थंडगार असताना बघा," हा त्याचा पहिला धडा. गरम इंजिनात निम्मे आजार लपतात. हे त्याने गिऱ्हाइकांच्या डोक्यात इतकं कोंबलं होतं, की काही जण त्याला लांबून बघूनच रस्ता बदलत.

आणि हाच गुरुजी धाकट्या बहिणीसाठी गाडी बघायला गेला, तेव्हा बॉनेट चांगलं तापलेलं होतं. "आत्ताच पेट्रोल भरून आणली," मालक म्हणाला. गुरुजीच्या तळहाताला ऊब लागली, तरी त्याने चावी फिरवली. घाई होती म्हणावं तर तसंही नव्हतं. बहीण मालकाला कौतुकाने सांगत होती, "माझा दादा नुसत्या आवाजावरून ओळखतो," आणि दादाला आवाजावरून ओळखून दाखवायचा मोह झाला. "डोळे झाकून घे ही गाडी," तो म्हणाला.

तिने घेतली. आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करायची कायमची नोकरी तिला लागली होती. पहिली बस सुटायच्या आत पहिल्या घरी पोचायचं, म्हणून स्वतःची गाडी हवी ही अट. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि जुनी नोकरी तिने सोडूनही दिली होती.

शुक्रवारी सकाळी ती थरथरती गाडी घेऊन गॅरेजात आली. "दादा, हिला उचक्या लागल्यात."

"मिसिंग आहे. चारातला एक सिलिंडर काम करत नाही. प्लग नाहीतर त्याला ठिणगी पुरवणारी कॉइल, तासाभराचं काम," गुरुजी म्हणाला. धीर तो स्वतःलाच देत होता.

त्याने एकेका कॉइलची वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाजात काडीचा फरक पडेना, म्हणजे दुखणं तिथेच. ती कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर चढवली, तर तिथे ती व्यवस्थित चालली. तिसरा सिलिंडर मेलेला तो मेलेलाच. मग प्लग काढले. तीन तपकिरी निघाले, तिसऱ्याचा मात्र घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख.

"हा चांगला आहे ना रे?" बहिणीने विचारलं.

गुरुजीने तो उजेडात धरून पाहिला. इंजिन गार ठेवणारं पाणी सिलिंडरच्या आत शिरल्याशिवाय प्लग इतका स्वच्छ होत नाही. तरी ते पाणी अडवणारं हेडखालचं गॅस्केट फाटलं असेल, बदलून टाकू, असं म्हणत त्याने इंजिनाचं हेड उतरवायला घेतलं. त्यात शनिवारची दुपार उजाडली. त्या दोन दिवसांत त्याने कुणाला एकही धडा दिला नाही.

गॅस्केट धडधाकट होतं. सिलिंडरच्या भिंतीवर टॉर्च मारला तर वरून खालपर्यंत केसाएवढी चीर. त्याने नख फिरवलं आणि नख अडकलं. इंजिनाचा मुख्य सांगाडा, ब्लॉकच, तडकलेला. दुसरं इंजिन शोधून बसवायचं तर महिना गेला असता. आयुष्य लोकांच्या गाड्यांत घालवलेल्या गुरुजीकडे स्वतःची म्हणून एक सायकल होती.

"गेली गं," तो म्हणाला. "इंजिनच गेलं. त्या दिवशी बॉनेट गरम होतं. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही."

बहिणीने ओढणीने चेहरा पुसला, फोन काढला आणि तिथेच स्टुलावर बसून लावला.

"मॅडम, सोमवारपासून नाही जमणार मला. नाही नाही, गाडी घेतली ना. उत्तम आहे. माझ्या भावाने स्वतः बघून दिलीय, त्याचा हातखंडाच आहे त्यात. अडचण माझ्याच घरची आहे. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

फोन ठेवून तिने त्याला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

गुरुजीला मान वर करवेना. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.