काटाच बिघडलाय म्हणे

मी न्हाणीघराच्या दाराशी पडून असलेला वजनकाटा बोलतोय. बोलायची हौस नाही. पण दोन शहाणी माणसं आपापलं खोटं माझ्या नावावर खपवू लागली, तेव्हा तोंड उघडणं भाग पडलं.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली आणि पाठीला एक लहान चाक. ते चाक काटा शून्यावर आणण्यासाठी असतं. तसं सोबतच्या कागदावर छापलंही होतं. तो कागद घरात आल्या दिवशीच केरात गेला.

माझा मालक शिंपी. आजारी पडला आणि वाळू लागला. डॉक्टरीणबाई औषधाचं प्रमाण वजनावरून ठरवायच्या, म्हणून दर रविवारी मला विचारून आकडा फोनवर कळवायचा असं ठरलं. वजन चौपन्नवरून बावन्नवर आलं, त्याच्या पुढच्या रविवारी शिंपीणबाईंनी नवरा यायच्या आत माझं चाक फिरवलं. शून्याच्या जागी दोन. नवऱ्याने धीर सोडू नये म्हणून. शिवाय त्याच्या विजारी कंबरेत गुपचूप आत घेतल्या.

आता ज्याने चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजल्या, त्याला परका टाका ओळखू येणार नाही? आली ओळख. पण बायको काळजीने खंगू नये म्हणून त्याने शर्टाला आतून चोरखिसा शिवला आणि माझ्यावर चढताना त्यात कापड कापायची मोठी कात्री ठेवू लागला. पुढे इस्त्री टेकवायची लोखंडी पट्टीही.

दर आठवड्याला ती चाक थोडं पुढे सारी, तो खिसा भरी, आणि मी मुकाट सत्तावन्न दाखवी. दोघंही खूश. मला कोणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं. चौथ्या दिवशी शिंपी चक्कर येऊन मोरीपाशी कोसळला. मग दवाखान्यात बोलावणं आलं, घरच्या काट्यासकट. मी पिशवीतून गेलो.

तिथल्या काट्यावर एकावन्न.

"अहो, घरचा काटाच बिघडलाय," शिंपीणबाई म्हणाल्या.

"कधीचाच," शिंपी म्हणाला.

दोघांचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

"शर्ट काढून उभे राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कात्री फरशीवर वाजली. मग पट्टी. आता आकडा पन्नासाच्याही खाली.

"हे काय हो?" शिंपीणबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तू रडतेस म्हणून. आणि माझ्या विजारी?"

शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि चाकाचंही सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकमेकांना फसवा, मला नको. मी आकड्यावर औषध देते, प्रेमावर नाही."

औषध कमी झालं, चक्कर थांबली. आता औषधासाठीचं वजन दवाखान्यातच होतं. घरी मला फक्त सवयीने विचारतात; ती त्याचे खिसे चाचपते, तो वाकून माझं चाक तपासतो.

काल मी अर्धा किलो जास्त दाखवलं. खिसे रिकामे, चाक जागेवर.

"वाढलं की हो," बाई म्हणाल्या. शिंप्याने दुसऱ्यांदा चढून पाहिलं. मग दोघांनी शेजारी बसून चहा घेतला, किती दिवसांनी.

वाढलंबिढलं काही नाही. मोरीच्या ओलीने माझी स्प्रिंग गंजलीये. यावेळी काटा खरोखरच बिघडलाय, आणि हे कोणी म्हणत नाही. तुम्हाला कळलंय, तर कृपा करून तुम्हीही म्हणू नका.