काहीच न करणारी पांढरी पूड

माझी बायको औषधांचं दुकान चालवते. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, आणि त्या सगळ्या खोक्यांत मिळून माझं एकही औषध नाही. मी मात्र जन्मभर औषधं शोधणारा रसायनशास्त्रज्ञ. लग्नानंतर सुरुवातीला ती एक फळी मोकळी ठेवायची, "तुमचं येईल तेव्हा लागेल" म्हणून. पुढे त्या फळीवर लहान मुलांचे डायपर आले आणि मीही तो विषय काढायचं सोडून दिलं.

निवृत्ती जवळ आली तसा मला घाम फुटला. संस्थेत माझं एक टेबल होतं, टेबलाला लागून वाफा खेचून घेणारं काचेचं कपाट होतं, आणि ती जागा सोडली तर मला जगात कुठे उभं राहायचं तेच माहीत नव्हतं. निवृत्तीनंतरही ती जागा आणखी तीन वर्षं मिळू शकत होती, पण माझ्या संशोधनाचा कोणाला तरी उपयोग झाला हे संस्थेच्या समितीला पटवून द्यावं लागणार होतं. नाही पटलं तर काय, याची सोय बायकोनं आधीच करून ठेवली होती.

"दुकानात बसा," ती म्हणाली. "निदान तिथली औषधं लागू पडतात."

मी मुकाट्यानं तयारीला लागलो. संशोधकाची पत मोजतात ती त्याच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून. माझे आकडे मी कधी बघितले नव्हते. नापास होणारा मुलगा निकाल बघायला जात नाही, त्यातलाच प्रकार. आता बघितले. बहुतेक निबंधांचे उल्लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे मीच केलेले. पण एका निबंधाला दोन हजारांच्या वर! सांधेदुखीवर चालेल या आशेनं मी एक संयुग बनवलं होतं. दिसायला पांढरी पूड. ती सांध्यांना लागू पडली नाही, कशालाच लागू पडली नाही. तेव्हा काय घडलं ते प्रामाणिकपणे छापून मी ती विसरून गेलो होतो. आणि जग तिला डोक्यावर घेऊन नाचत होतं!

छाती पुढे काढून मी स्वयंपाकघरात गेलो.

"दोन हजार उल्लेख!"

"काय म्हणतात ते तुमच्याबद्दल?" बायकोनं हात पुसत विचारलं.

"म्हणायचंय काय त्यात? उल्लेख करतात."

"अहो, पण वाचलंत का काय लिहिलंय ते?"

वाचलं नव्हतं. आमच्या धंद्यात उल्लेख मोजतात, वाचत नाहीत. तिनं चष्मा लावला, माझ्या संगणकासमोर बसली आणि पडद्यावर बोट ठेवत हळूहळू खाली सरकली.

"'तुलनेसाठी एक निष्क्रिय संयुग वापरलं,'" तिनं वाचून दाखवलं. मग दुसरा निबंध उघडला. "'ज्याचा पेशींवर कसलाही परिणाम होत नाही अशी ख्याती आहे...'" तिसरा तिनं मोठ्यानं वाचलाच नाही. ती हसत सुटली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नवीन औषध तपासताना त्याच्या शेजारी दुसरं एक संयुग ठेवावं लागतं, रचनेनं त्याच्यासारखं पण काहीही न करणारं. तरच झालेला परिणाम त्या औषधाचा, असं म्हणता येतं. जगाला असं एखादं भरवशाचं निरुपयोगी हवं होतं, आणि ते मी पुरवलं होतं.

"अहो, तुमच्यावरच गेलंय ते," बायको डोळे टिपत म्हणाली. "सुटीच्या दिवशी तुम्ही असेच तर असता."

समितीपुढे मी नुसता आकडा सांगितला आणि गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमचे संचालक वयानं माझ्याहून लहान. ते मला 'सर' म्हणतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. आकडा ऐकून ते खूश दिसले. पण समितीत पेशीवाल्या बाईही होत्या. कर्करोगाच्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासणं हे त्यांचं काम, म्हणून संस्थेत त्यांना तेच नाव पडलंय. मला 'सावकाश सर' म्हणतात.

"सर, तुमचं संयुग मीपण वापरते," बाई म्हणाल्या. "बाटली विकत मिळते. पण हल्ली जी बाटली येते ना, तिच्यातलं पेशी मारतंय."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "खरंच? किती मारतंय?"

"सर, ही वाईट बातमी आहे."

मी खाली बसलो. माझं संयुग काही एकाएकी कर्तबगार झालं नव्हतं. बाटली भरणाऱ्यांनी ते घाईत बनवलं होतं आणि त्यात भलतीच घाण राहिली होती. कुठूनही मागवलं तरी तीच रड. बाईंनी शोधलेलं औषध चांगलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. पण काही न करणारंच मध्ये कडमडत होतं, तोवर त्यांना छातीठोकपणे काही सांगता येत नव्हतं.

"मग सोपं आहे," संचालक म्हणाले. "सरांनी निवृत्तीच्या आत ते स्वच्छ बनवून द्यावं. त्यानं काही केलं नाही, तर जागा सरांची. काही केलं, तर किल्ल्या परत."

सगळे हसले. मीही हसलो. चारचौघांत आपणही हसलो की कमी लागतं.

संयुग बनवणं अवघड नव्हतं, शुद्ध करणं अवघड होतं. ते गरम द्रावकात विरघळवायचं आणि गार होऊ द्यायचं. गार होताना स्फटिक धरतात आणि घाण द्रावणात मागे राहते. मात्र घाई केली की स्फटिक तिलाही पोटात घेतात. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण डोळ्यांपुढे त्या किल्ल्या नाचत होत्या, म्हणून मी चंबू सरळ बर्फात ठेवला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! स्फटिक भराभर पडले, दिसायला मोठे साजरे. बाईंनी ते तपासायला नेले.

"मारतंय, सर," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला होता. इतके दिवस मी फक्त माझ्या टेबलाची काळजी करत होतो. त्यांचं अख्खं काम माझ्या हातात अडकलंय, हे मला तेव्हा कुठे कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आता साहित्य एकदाच पुरण्याइतकं उरलं होतं. या वेळी मी गरम चंबू टॉवेलात गुंडाळला, टेबलाच्या अशा कोपऱ्यात ठेवला की कोणाचा धक्का लागू नये, आणि त्याच्यासमोर बसलो. चंबू हलवून बघायला हात शिवशिवत होते. ते मी कोटाच्या खिशात घातले. याच सवयीनं मी जन्मभर मागे राहिलो. मी स्फटिकांची वाट बघत बसायचो, तोवर दुसरा कोणी निबंध छापून मोकळा व्हायचा.

"काय चाललंय, सर?" संचालकांनी दारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

हळूहळू स्फटिकांच्या लांबट सुया तयार झाल्या. त्या गाळल्या, पुन्हा विरघळवल्या, पुन्हा टॉवेलात गुंडाळल्या. धीर सुटेपर्यंत हेच केलं आणि धीर सुटल्यावरही हेच केलं.

निकाल आला तो माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी. शेजारच्या सभागृहात निरोपासाठी खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. बाईंनी मला त्यांच्या पडद्यासमोर बसवलं. किती पेशी मेल्या त्याचा आलेख होता. तळाशी एक रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "काही नाही, सर. जरासुद्धा नाही." मग त्यांनी वर चढत गेलेल्या दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि ही माझ्या औषधाची. आता म्हणू शकते मी."

मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? मला आयुष्यभर ती वरची रेघ हवी होती. पण डोळे भरून आले ते हेव्यानं नव्हेत. माझी रेघ तसूभर जरी हलली असती, तरी बाईंच्या रेघेवर कोणी विश्वास ठेवला नसता. मी पुन्हा पुन्हा त्या सपाट रेघेकडे बघत राहिलो. इतकं सुंदर काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

बाईंनी पदर नाकाला लावला, मग एकदम कामाच्या गोष्टीवर आल्या.

"सर, पुढच्या तपासणीला अजून लागेल. जरा लवकर मिळेल का?"

"लवकर नाही मिळायचं, बाई," मी म्हणालो. "घाई केली की ते काहीतरी करायला लागतं."