पायरीच्या फटीतलं कोलंबाइन

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे. मूठ लाकडी, पातं लोहारानं ठोकून केलेलं, आणि टोक दगडाला भिडून बोथट झालेलं. आधी दगड बघावा, मग घाव घालावा, हे माझ्या मालकिणीला कोण सांगणार!

मालकीण शिवणकाम करते. तिचं सगळं मोजूनमापून. बी कुठलंही असो, बोटाचं एक पेर आत. घेवडा असाच लावला, भोपळा असाच लावला, दोन्ही झकास आले. मला तिच्या हाताचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

एका हिवाळ्याच्या तोंडावर तिची ताई वारली. ताईचं घर विकलं गेलं, बाग उखडली गेली. उरली फक्त कागदाची एक पुडी, ताईच्या लाडक्या कोलंबाइन नावाच्या फुलझाडाच्या बियांची. जांभळं फूल, मान खाली घातलेलं, मागे पाच शेपट्या. बिया मोहरीएवढ्या, काळ्याभोर.

"या उगवल्या नाहीत ना," मालकीण नवऱ्याला म्हणाली, "तर ताई पुन्हा एकदा गेली असं होईल मला."

आणि तिनं ओल्या मातीत मोजून एकेक पेर खोल खड्डे पाडले. पाडले म्हणजे मीच पाडले. सगळ्या बिया आत, वर माती, वर थापट्या. मग सवयीप्रमाणे मला मागच्या दाराच्या पायरीवर दोनदा आपटून चिखल झाडला आणि खुंटीला अडकवलं.

थंडी सरली. वाफ्यात काही नाही. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उकिडवी बसायची. शेवटी शेजारच्या माळीबुवांनी विचारलं, बी किती खोल लावलं? तिचं उत्तर ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो वहिनी, या बियांना उजेड लागतो! मातीवर नुसत्या भुरभुरायच्या. तुम्ही तर पुरूनच टाकल्यात."

ती तशीच वळली. आत जाऊन मशीनवर बसली, पण मशीनचा आवाज आला नाही. मला फार वाईट वाटलं. खड्डे माझेच होते ना.

आठवड्यानं तिचा नवरा पायरीच्या फटीतलं गवत काढायला मला घेऊन बसला. माझं टोक एका रोपाला टेकलं आणि ती ओरडली, "अहो, थांबा! ताईच्या दारातली पानं आहेत ही!"

माझ्या पात्याच्या चिखलाला चिकटलेली एकच बी त्या दिवशी तिथे उघड्यावर पडली होती. मालकिणीचा जीव भांड्यात पडला. माझाही.

ती लगेच कुंडी आणायला धावली, पण माळीबुवांनी अडवलं. "मूळ सरळ खोल जातं. उपटलंत तर संपलं."

मग कुणाचा पाय पडू नये म्हणून तिनं मलाच रोपाशेजारी रोवून ठेवलं. पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी फुलं आली, तेव्हा ती पायरीवर बसून पोटभर रडली. माझं पातं तोवर गंजून गेलं होतं. मित्रांनो, अवजारं पुसून ठेवत जा, आणि कुणाला जपायचं असेल तर त्याला काय हवं ते आधी विचारा.

यंदा बी धरलं. तिनं मला उपसलं, घासलं, तेल लावलं आणि खुंटीला टांगलं.

"तुला आज सुट्टी," म्हणाली, आणि सगळ्या बिया हातानंच मातीवर भुरभुरल्या.