शंभराचा रोखा

एकाहत्तर साली मंगरूळपीरच्या नगरपालिकेनं एका शेठच्या तेलगिरणीसाठी रोखे काढले, तेव्हा विमलबाईनं कापूस वेचून साठवलेले शंभर रुपये त्यात घातले. तिचा नवरा पुंजाजी तणतणला, "गिरनी शेठची, मंग पैसा तुहा कायले?"

पण दरसाल व्याज आणायला तोच तिला नगरपालिकेच्या कचेरीत घेऊन जाई, आणि दाराशी उभा राहून एवढंच बघे: तिथला बाबू खुर्ची पुढं सरकवून "बसा बाई" म्हणे, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या ओट्याखाली बसलेली त्याची बायको पदर सावरून खुर्चीवर बसे.

सातव्या वर्षी मुद्दल परत मिळालं. खुर्चीच्या हातावरून हात फिरवत विमलबाईनं विचारलं, "मंग पुढच्या साली यायचं नाई?"

"नाही बाई. मुदत संपली."

तिला बसस्टँडवर थांबवून पुंजाजी धोतर घ्यायला बाजारात गेला. परतला तो डोक्यावर लाकडी खुर्ची घेऊन.

"अन् धोतर कुठी हाय?" ती कडाडली.

घरी त्यानं खुर्ची अंगणात मांडली, फाटक्या धोतराच्या सोग्यानं पुसली. लग्नापासून बायकोला नुसतं 'अवं' म्हणत आलेला पुंजाजी बाजूला सरून म्हणाला,

"बसा बाई."